एम्स प्रक्रिया

युरेनियम टेट्राफ्लोराइड या युरेनियम-फ्लोरिनच्या संयुगापासून मॅग्नेशियमच्या साहाय्याने शुद्ध युरेनियम धातू मिळवण्याची पद्धत. अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स येथील आयोवा स्टेट कॉलेजात फ्रँक स्पेडिंग व हार्ली विल्हेल्म यांच्या गटाने ती १९४२–४३ मध्ये बसवली. अणुयुगाच्या इतिहासात भौतिकशास्त्रज्ञांचीच नावे पुढे येतात. पण धातू हाती येईपर्यंत त्यांची गणिते कागदावरच होती, आणि ही अडचण सोडवली ती रसायनज्ञांनी.

युरेनियम धातू एझेन पेलिगो यांनी १८४१ मध्येच वेगळा केला होता, परंतु पुढची शंभर वर्षे त्याला फारशी मागणी नव्हती. वेस्टिंगहाउस कंपनी न्यू जर्सीतील ब्लूमफील्ड येथे दिव्यांच्या तारांवरील संशोधनासाठी थोडा धातू बनवी. त्याला लागणारा क्षार कारखान्याच्या गच्चीवर उन्हात तयार होई, त्यामुळे ढग आले की काम मंदावे. मॅसॅच्युसेट्समधील मेटल हायड्राइड्स कंपनीचा धातू भुकटीच्या रूपात असे आणि हवा लागताच पेट घेई. अणुभट्टीला तर टनावारी धातू हवा होता, तोही अतिशुद्ध, कारण ज्या न्यूट्रॉन कणांवर भट्टी चालते ते बोरॉनचा अंशही गिळतो. कच्चा माल असलेल्या युरेनियम ऑक्साइडच्या शुद्धीकरणाचे काम सेंट लुइसच्या मॅलिनक्रॉट कंपनीने ईथर वापरून वेळेत मार्गी लावले.

एम्सच्या गटाने सुरुवातीला कॅल्शियम वापरले; पुढे स्वस्त व शुद्ध मिळणारे मॅग्नेशियम घेतले. कृती ऐकायला साधी वाटते. हिरव्या रंगाचे टेट्राफ्लोराइड आणि मॅग्नेशियमचा कीस एकत्र मिसळायचे, आतून अस्तर दिलेल्या पोलादी नळकांड्यात ठासून भरायचे, झाकण घट्ट आवळायचे आणि नळकांडे भट्टीत तापवायचे. ठरावीक तापमानाला मिश्रण आतल्या आत पेटते. त्या उष्णतेने धातू आणि मळी (अभिक्रियेत उरणारा टाकाऊ भाग) दोन्ही वितळतात. जड युरेनियम तळाशी बसतो, मॅग्नेशियम फ्लोराइडची मळी वर राहते. खरी मेख अस्तरात आहे. ते फुटले तर वितळलेला युरेनियम थेट पोलादाला भिडतो. आणि मॅग्नेशियम युरेनियमच्या वितळणबिंदूच्या आधीच उकळू लागते, म्हणून झाकण ढिले राहून चालत नाही.

सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे ५ किलोची लगड तयार झाली. ५ इंच लांब आणि २ इंच व्यासाचा तो दंडगोल विल्हेल्म यांनी शिकागोला नेला. तेथील अणुभट्टी प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांचा विश्वास बसेना. ती पोकळ असावी असे त्यांना वाटले. लगड कापून पाहिली, तर ती आरपार भरीव निघाली. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत चालू झालेल्या पहिल्या अणुभट्टीत जवळपास ६ टन धातू होता, त्यातला सुमारे २ टन एम्सचा.

हे सारे काम कॉलेजच्या आवारातल्या एका जुन्या लाकडी इमारतीत चाले. तिथे लहानमोठे स्फोट आणि आगी नेहमीच्याच होत्या. तरीही युद्धकाळात तेथून सुमारे ९०० टन धातू बाहेर पडला. १९४५ मध्ये कॉलेजला युद्धोत्पादनाचा ‘ई’ ध्वज मिळाला. हा मान एरवी कारखान्यांना दिला जाई.

मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील संयंत्रात अणुभट्टीसाठी लागणाऱ्या शुद्धतेची भारतातील पहिली युरेनियम लगड ३० जानेवारी १९५९ रोजी तयार झाली. तेथील सायरस अणुभट्टीच्या पहिल्या इंधनापैकी निम्मे कॅनडाचे होते, उरलेले निम्मे देशातच बनले.