बारा, दहा की पंधरा: कॉम्बोतल्या स्पीकरची पार्श्वभूमी

गिटारचा कॉम्बो ॲम्प, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, म्हटलं की आत १२ इंची स्पीकर, हे आज इतकं गृहीत आहे की बाकीच्या आकारांना आपण स्वभाव चिकटवून टाकले आहेत. ८ म्हणजे घरातला, १० म्हणजे चटपटीत, १५ म्हणजे भारदस्त. दुकानातला पोरगा हेच सांगतो आणि आपणही मान डोलावतो. हे आकार ठरले त्या काळात मात्र स्वभावाची चर्चा फारशी नव्हती. ॲम्प सोडेल तेवढे वॅट झेलताना स्पीकरची कॉइल (कागद हलवणारी बारीक तार) जळणार तर नाही ना, आणि तो स्पीकर कितीला पडतो, या दोन प्रश्नांपुढे बाकी सगळं दुय्यम होतं.

१९३० च्या दशकात हवाईयन गिटार मांडीवर घेऊन वाजवणाऱ्यांसाठी पहिले ॲम्प निघाले. त्यांतला स्पीकर रेडिओच्या घराण्यातला. त्याला कायमचं चुंबक नसे. तारेच्या जाड वेटोळ्यात वीज सोडून चुंबक तयार करायचं, आणि तेच वेटोळं पॉवर सप्लायची घरघर गाळायलाही वापरायचं. महायुद्धानंतर अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचं कायमचं चुंबक, परवडू लागलं आणि वेटोळं गेलं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते, आणि बरीचशी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या एकाच गावात घडते.

फुलर्टनवाल्यांनी, म्हणजे फेंडर कंपनीने, १९४६ च्या सुमारास दोन १० इंची स्पीकरांचा कॉम्बो काढला. १९५२ मध्ये दोन १२ इंचींचा ट्विन आला, आणि त्याच वर्षी, आदल्या वर्षी आलेल्या बेस गिटारच्या जोडीला, एका १५ इंचीचा बेसमन. स्पीकर बहुतेक शिकागोहून यायचे. त्यांचं नावच त्यांची कुंडली: पी१०आर म्हणजे पी हे कायमच्या अल्निको चुंबकासाठी, १० हा आकार, आणि शेवटचं अक्षर दमाचं. हे अक्षर एनच्या बाजूला जितकं जवळ तितका दम जास्त, आरच्या बाजूला कमी.

१९५४ च्या अखेरीस बेसमनमधला १५ इंची काढून चार १० इंची बसवले गेले. बेससाठी लहान स्पीकर, हे आजही कानाला उलटं वाटतं. कागद-पेन्सिल घेतली की उलगडतं. १५ इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ १७७ चौरस इंच. दोन १० इंचींचं १५७, दोन १२ इंचींचं २२६, आणि चार १० इंचींचं ३१४. हलणारा कागद बाहेरच्या मापापेक्षा थोडा लहान असतो, पण प्रमाण तेच राहतं. म्हणजे चार लहान मिळून एका मोठ्याच्या पाऊणेदोनपट हवा हलवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक चतुर्थांश वॅट येतात. चौघे समांतर जोडलेले, प्रत्येकी ८ ओहम रोधाचे, एकूण २. कार्यक्रमात एकाची कॉइल गेली तरी उरलेले तिघे वाजत राहतात. एकापुढे एक, साखळीत जोडले असते तर एक गेला की सगळं गप्प.

बेसवाल्यांना त्याचा पुरता फायदा झाला नाही, कारण खोका मागून उघडा होता. उघड्या खोक्यात खर्जाची लाट मागून निघते, वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. गिटारला तेवढा खर्ज लागतच नाही. त्यामुळे बेससाठी बांधलेला हा खोका गिटारवाल्यांनी उचलला, आणि चार १० इंचींची तीच मांडणी १९६३ च्या सुपर रिव्हर्बमध्ये उघड उघड गिटारच्या नावाने आली.

समुद्रापलीकडे हिशोब आणखी सरळ होता. इंग्लंडमधला १२ इंची अल्निको, निळ्या रंगाचा, १५ वॅट झेलायचा. म्हणून १५ वॅटच्या एसी१५ या ॲम्पमध्ये तो एक, आणि किंचाळणाऱ्या प्रेक्षकांच्या वर आवाज न्यायला एसी३० निघाला त्यात दोन. हे ॲम्प बनवणाऱ्या डार्टफर्डवाल्यांनी ८ ओहमचे ते दोन साखळीत जोडून १६ केले, फुलर्टनच्या बरोबर उलट. लंडनमधल्या एका दुकानाने १९६२ मध्ये बेसमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं, पण त्यांना मिळणारे इंग्रजी स्पीकर एवढा मारा सोसणारे नव्हते, म्हणून चार १२ इंचींची वेगळी बंद पेटी आली. पुढे ज्या पेट्यांच्या भिंती रॉकच्या स्टेजवर उभ्या राहिल्या, त्यांचं मूळ जळणाऱ्या कॉइलच्या भीतीत आहे. जाता जाता: याच घराण्यातल्या दोन १२ इंची कॉम्बोचा कॅटलॉग क्रमांक १९६२ आणि चार १० इंचीवाल्याचा १९६१. ही सालं नव्हेत. जुना माल बघायला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

आता वादाची गोष्ट. मला विचाराल तर या विषयातलं सगळं शहाणपण आणि सगळा गोंधळ एका मॉडेलमध्ये सापडतो: व्हायब्रोव्हर्ब. १९६३ च्या सुरुवातीला आला तेव्हा तपकिरी, आत दोन १० इंची, आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारी सोय, आतच बसवलेला फुलर्टनचा पहिला ॲम्प. वर्ष संपायच्या आत तो काळा झाला आणि दोन १० इंचींच्या जागी एक १५ इंची आला. १९६४ संपेपर्यंत नावच बंद. जेमतेम दोन वर्षांचं आयुष्य, आणि साठ वर्षं झाली तरी भांडण मिटलेलं नाही: खरा व्हायब्रोव्हर्ब कुठला?

१५ इंचीच्या बाजूने नेहमी एकच साक्षीदार उभा केला जातो, टेक्ससचा एक ब्ल्यूज वादक. १९८० च्या दशकात त्याच्या मागे असे दोन काळे व्हायब्रोव्हर्ब असायचे. जाड तारा, दणकट हात, आणि आवाज असा की एका गिटारचा आहे यावर विश्वास बसू नये. त्यावरून निष्कर्ष निघाला की १५ इंची म्हणजे भरदार. त्याच वादकाकडे चार १० इंचीवाले सुपर रिव्हर्बही असायचे, हे सांगताना विसरलं जातं. स्टेजवर इतके ॲम्प एकत्र वाजत असताना अमुक भरदारपणा अमुक स्पीकरचा, हे कुठल्या कानाने ठरवायचं?

वरच्या आकड्यांकडे पुन्हा बघा: एका १५ इंचीचे १७७ आणि दोन १० इंचींचे १५७. हवा हलवायच्या बाबतीत दोघांत फारसं अंतर नाही. फरक आहे तो कागदाच्या वजनात, तो कागद कुठल्या सुरावर स्वतःहून थरथरतो त्यात, आणि तार स्वरांच्या फेकीत. स्पीकर जितका मोठा तितके त्याचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर एका रेषेत जातात. १५ इंचीच्या अगदी समोर बसलेल्याला सुई टोचते, बाजूला बसलेल्याला रजईतून ऐकल्यासारखं वाटतं. दोन १० इंची आडवे शेजारीशेजारी ठेवले तर त्यांचंही आडव्या दिशेत तसंच काहीसं होतं, ही गोष्ट १० इंचीचे भक्त सांगत नाहीत. मी त्याच पंथातला, तरी सांगून टाकतो.

आणि मुळात तुलनाच लंगडी आहे. तपकिरी आणि काळा यांत फक्त स्पीकर बदलला नव्हता. तपकिरीचा ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमीजास्त करणारी सोय, पॉवर ट्यूबच्या (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या वाल्व्हच्या) बायस व्होल्टेजला हलवून चालायचा, काळ्याचा एका लुकलुकणाऱ्या दिव्याने आणि प्रकाश पडला की रोध बदलणाऱ्या भागाने. टोनचं सर्किट वेगळं. चुंबकही बदलत होतं, अल्निकोकडून सिरॅमिककडे. खोका नवा, रंग नवा, आत सगळं नवं, आणि श्रेय मात्र इंचांना.

मग बदल केलाच का? माझं मत असं की इथेही वॅटच निर्णायक ठरले असणार. पस्तीस-चाळीस वॅट दोन १० इंचींच्या गळ्यात घालणं म्हणजे काठावरचा खेळ. १५ इंची ते निवांत झेलतो. शिवाय यादीत प्रत्येक पायरीवर काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. एक १२ इंची डीलक्स रिव्हर्बकडे, दोन १२ इंची ट्विनकडे, चार १० इंची सुपरकडे, आणि दोन १० इंचीची जागा लवकरच व्हायब्रोलक्स रिव्हर्बने घेतली. यात सुराचा ध्यास शोधायचाच असेल तर फार खोल खणावं लागेल.

मागची फळी उघडून स्पीकर बघायची वेळ आली तर लोखंडी चौकटीवर ठोकलेला आकडा शोधा. समजा २२०३४७. पहिले तीन आकडे शिकागोच्या त्या कारखान्याचे, पुढचा ३ वर्षाचा शेवटचा अंक, मग ४७ वा आठवडा. नोव्हेंबर १९६३. पण तोच ३ हा १९५३ चाही असू शकतो. तेव्हा चुंबकाकडे बघायचं. सी१५एन मधला सी म्हणजे सिरॅमिक, आणि त्या चपट्या चकतीसमोर अल्निकोची उभी घंटा ओळखायला चष्मा लागत नाही.

फेंडरनेच १९९० मध्ये दोन १० इंचीवाला व्हायब्रोव्हर्ब पुन्हा काढला आणि २००३ मध्ये १५ इंचीवाला. दोन्ही नावांमागे साल लावलं, एकाच्या ६३, दुसऱ्याच्या ६४. वाद मिटवण्यापेक्षा दोन्ही पक्षांना माल विकणं सोपं.

१९७० नंतर स्पीकरच दणकट झाले आणि जुना हिशोब कोलमडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फेंडरच्या एका छोट्या १२ वॅटच्या प्रिन्सटनमधला १० इंची काढून, फळी कापून १२ इंची बसवला गेला आणि आत मोठ्या ॲम्पचं सर्किट कोंबलं गेलं. सुरुवात थट्टेत झाली; त्यातून १०० वॅटचा, एका १२ इंचीचा, एका हाताने उचलता येणारा कॉम्बो हा नवा प्रकारच जन्मला. १२ इंची हा आकार सर्वमान्य झाला तो तेव्हा, कारण आता एकट्याने सगळं झेलणारा तोच सगळ्यात छोटा होता. सिरॅमिककडे वळणं आधीच सुरू होतं. १९७८ मध्ये झैरेच्या शाबा प्रांतातल्या लढाईनंतर कोबाल्टचे भाव भडकले आणि अल्निको चैनीची वस्तू झाली.

१९७५ च्या जपानी जेसी-१२० या कॉम्बोने दोन १२ इंचींना निराळंच काम दिलं. आत ६० वॅटचे दोन वेगळे ॲम्प. कोरस लावला की एका स्पीकरमधून सरळ सूर, दुसऱ्यातून किंचित डोलणारा, आणि दोघांची भेट खोलीतल्या हवेत. इथे दोन ही संख्या मोठ्या आवाजासाठी नाही. मुंबई-पुण्यात भाड्याच्या सामानाच्या यादीत हा खोका अजून ठाण मांडून आहे, कारण तो बिघडत नाही आणि ट्यूब फुटायची भीती नाही.

आपल्याकडे त्याआधीचा इतिहास तसा पोचलाच नव्हता. परवान्यांच्या काळात बाहेरचा ॲम्प म्हणजे बोटीवर कामाला असलेल्या कुणाच्या तरी गोव्याच्या मामाने आणलेली वस्तू. बाकीचे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन खोका बांधून घ्यायचे. मी पहिल्यांदा गणपतीच्या मांडवात वाजवलं ते अशाच प्लायवुडच्या खोक्यातून, आत मांडववाल्याकडचा १२ इंची. भाषणासाठी उत्तम स्पीकर होता, वरचे स्वर लख्ख द्यायचा, आणि नेमकं तेच नडायचं. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ हात आखडतो, म्हणून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) गोड लागतं. आमच्या खोक्यात पेडल दाबलं की पत्र्याच्या डब्यात खडे. तेव्हा आम्ही दोष गिटारला दिला, मग पेडलला. इंच मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मोजले असते तरी ते बरोबर बाराच भरले असते.

गेल्या पंधरा वर्षांत तर आकारांची रांगच विस्कटली. २०११ मध्ये आलेल्या एका जपानी घरगुती ॲम्पमध्ये ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत आणि त्यातून मोठ्या पेटीचा भास उभा केला जातो. १२ इंचीचा स्वभाव आता फाइलमध्ये साठवून कुठल्याही सपाट स्पीकरवर ओतता येतो. निओडिमियमने चुंबकाचं वजन उतरवलं. २०१९ च्या डिजिटल ट्विनमध्ये ८५ वॅटच्या जुन्या ट्यूब ॲम्पची नक्कल करायला २०० वॅटचा ॲम्प ठेवलाय. जुना ट्विन २९ किलो, हा १५. फळी उघडली तर ना ट्यूब, ना वजनदार ट्रान्सफॉर्मर. वॅट स्वस्त झालेत, जळायची भीती राहिलेली नाही, तरी स्पीकर दोनच आणि १२ इंचीच, १९५२ मध्ये होते त्याच मांडणीत.