एकदिश श्वसनप्रवाह : घोरपड व गायक पक्षी

श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातील काही नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहण्याची क्रिया. सस्तन प्राण्यांत हवा आली त्याच वाटेने परतते. जेमतेम 30–40 ग्रॅम वजनाचा दयाळ हा गायक पक्षी आणि काही किलोग्रॅम भरणारी घोरपड यांचे बाह्य रूप सर्वस्वी भिन्न. तरीही या एका क्रियेत त्यांचे विलक्षण साम्य आहे.

पक्ष्यांत वायुकोश (फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या) भात्यासारखे काम करतात व फुप्फुस जवळजवळ ताठ राहते. एकदा घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडण्यास साधारणपणे दोन श्वास लागतात. गायक पक्ष्यांच्या फुप्फुसाच्या एका भागात मात्र प्रवाह उलटसुलट असतो, ही बाब संक्षिप्त वर्णनांत अनेकदा सुटते. घोरपडीत मुख्य श्वासनलिकेतून हवा मागे जाते व बाजूच्या शाखांमधील भित्तींच्या छिद्रांतून पुढच्या दिशेने सरकते. दोहोंतही झडपा नाहीत. शाखांची रचनाच प्रवाहाची दिशा ठरविते. ही निरीक्षणे आफ्रिकेतील सव्हाना घोरपडीवरील आहेत. भारतीय घोरपड त्याच प्रजातीतील (जीनस व्हॅरॅनस) आहे.

या गुणधर्माचा उगम विवाद्य आहे. जीवशास्त्रज्ञ कोलीन फार्मर व सहकाऱ्यांनी तो 2010 मध्ये अमेरिकी सुसरीत (ॲलिगेटरमध्ये) दाखविला. तेव्हा तो पक्षी व मगरी यांच्या सामाईक पूर्वजापासून आला असावा, असे मानले गेले. 2013 च्या अखेरीस एमा शॅक्नर व इतरांनी तो घोरपडीत नोंदविल्यावर दोन पर्याय उरले : पक्षी आणि सरडे (घोरपडही त्यांतलीच) यांच्या शाखा वेगळ्या होण्यापूर्वीच, म्हणजे बहुधा 25 कोटी वर्षांपेक्षाही आधी, तो अस्तित्वात होता, किंवा दोन्हीकडे स्वतंत्रपणे उद्भवला. छिद्रांतून जाणारी घोरपडीतील वाट पक्ष्यांत नाही, हा दुसऱ्या मताचा आधार होय. 2014 मध्ये साध्या फुप्फुसाच्या हिरव्या इग्वाना या सरड्यातही असा प्रवाह आढळल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र इग्वाना फारसा दमदार प्राणी नसल्याने, हा गुण दमदार हालचालीसाठी विकसित झाला, हे जुने स्पष्टीकरण दुबळे होते.

श्वसनात साम्य असले तरी दोघांची राहणी वेगळी आहे. दयाळाचे शरीर सतत उष्ण राहते, त्यामुळे त्याला दिवसभर खावे लागते. घोरपड उन्हात तापते व बरेच दिवस उपाशी राहू शकते. धावताना अंगाच्या नागमोडी हालचालीमुळे सरड्यांचा श्वास अडखळतो. सव्हाना घोरपड घसा फुगवून हवा फुप्फुसात ढकलते व ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते, असे 1999 मध्ये दिसून आले.