व्हिडिओ चालत नाही, म्हणजे नेमकं कुठं अडलंय?

फाइलवर डबल क्लिक केलं, प्लेअर उघडला आणि मधोमध चौकट आली: ही फाइल चालवता येत नाही. खाली एक लांबलचक कोड. इथून पुढे बरेच जण एकच गोष्ट करतात, नेटवरून एखादा ‘कोडेक पॅक’, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, शोधून इन्स्टॉल करतात. त्याने कधी काम होतं, पण बहुतेकदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

व्हिडिओ पडद्यावर येईपर्यंत बरीच कामं एकामागून एक व्हावी लागतात. डिस्कवरून फाइल वाचली जाते. मग फाइल उलगडून त्यातलं चित्र, आवाज आणि सबटायटल वेगळे काढले जातात. त्यानंतर डीकोडर दाबून बसवलेला डेटा सोडवतो. शेवटी चित्र ग्राफिक्स कार्डाकडे आणि आवाज स्पीकरकडे जातो, तोही एकमेकांशी वेळ जुळवून. यातलं काहीही अडलं तरी वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की व्हिडिओ चालत नाही. म्हणून आधी कुठं अडलंय ते शोधायचं, इन्स्टॉल काय करायचं ते मग.

त्यासाठी तीन अदलाबदली पुरतात. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. त्याच प्लेअरमध्ये दुसरी, आधी नीट चाललेली फाइल लावा. आणि फाइल पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर असेल तर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करून लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काम झालं ते कळणार नाही. दुसऱ्या प्लेअरमध्ये फाइल चालली तर ती शाबूत आहे, पहिल्या प्लेअरकडे बहुधा डीकोडर नाही. कुठल्याच प्लेअरमध्ये चालत नसेल तर फाइलवरच संशय घ्यायचा. कुठलीच फाइल चालत नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा आवाजाची जोडणी तपासायची.

सगळ्यात जास्त घोळ एमपी४ किंवा एमकेव्ही या नावांमुळे होतो. ही नावं डब्याची आहेत, आतल्या पदार्थाची नाहीत. या डब्याला कंटेनर म्हणतात. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते कोडेक ठरवतो. एकाच एमपी४ डब्यात २००३ साली आलेला एच.२६४ असू शकतो, २०१३चा एचईव्हीसी असू शकतो किंवा २०१८चा एव्ही१. ‘कालची एमपी४ चालली, आजची का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथंच मिळतं. आणि म्हणूनच एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्याने आतलं काही बदलत नाही. डब्यावरचं लेबल तेवढं बदलतं.

आत काय आहे ते पाहायला व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबा. ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ची खिडकी उघडते. त्यात चित्राचा कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं) आणि आवाजाचा कोडेक अशी सगळी कुंडली असते. फाइल चालतच नसेल तर मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर तीच माहिती फाइल न चालवता देतं.

विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरने दाखवलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे-अक्षरं पाहा. शेवटी ५२१२ असेल तर डीकोडर सापडला नाही. शेवटी ३६सी४ असेल तर डबाच ओळखता आला नाही: एकतर तो प्रकार प्लेअरला माहीत नाही, किंवा फाइल बिघडलेली आहे. ५२१२च्या मागे बऱ्याचदा आयफोन असतो. २०१७च्या आयओएस ११पासून आयफोन ७ आणि पुढचे फोन मूळ सेटिंगमध्ये एचईव्हीसीत रेकॉर्डिंग करतात, आणि विंडोजमध्ये त्याचा डीकोडर दर वेळी आधीपासून असेलच असं नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून त्याचं एक्स्टेन्शन घ्या, नाहीतर व्हीएलसी वापरा. व्हीएलसी आपले डीकोडर स्वतःबरोबर आणतो, विंडोजकडे मागत नाही. पुढची रेकॉर्डिंग सगळीकडे चालावीत असं वाटत असेल तर फोनच्या कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’ सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. फाइल मोठ्या होतील, पण एच.२६४मध्ये होतील.

आता दुसरी तक्रार: व्हिडिओ चालतो, पण अडखळतो. इथं थोडा हिशेब केला की कॉम्प्युटरवर किती बोजा पडतो ते लक्षात येतं. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलची उजळता वेगळी नोंदवतात. डोळा रंगाबाबत तेवढा काटेकोर नसतो, म्हणून रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एकदाच. सरासरी पिक्सेलमागे दीड बाइट पडतो आणि एक फ्रेम होते ३१ लाख बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मिनिटाला सुमारे ५.६ जीबी. हेच मिनिट फोन एच.२६४मध्ये साधारण १३० एमबीत बसवतो. म्हणजे चाळीसपटीहून जास्त दाबलेला माल डीकोडरला धावत्या गाडीत उलगडायचा असतो. ६० फ्रेमच्या फोर-के व्हिडिओत पिक्सेल चौपट आणि फ्रेम दुप्पट, आणि एका फ्रेमला वेळ मिळतो फक्त १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात फ्रेम तयार झाली नाही की प्लेअर ती सोडून देतो. आपल्याला दिसणारा झटका तोच.

हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर टाकलं तर जुना कॉम्प्युटर दमतो. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये डीकोडिंगसाठी वेगळं सर्किट असतं. पण ते ठराविक कोडेकसाठीच घडवलेलं असतं, नवा कोडेक त्याला नंतर शिकवता येत नाही. इंटेलच्या बाबतीत आठ बिटचा एचईव्हीसी २०१५च्या सहाव्या पिढीपासून, दहा बिटचा (रंगांच्या जास्त छटा साठवणारा) सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ २०२०च्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपांपासून सर्किटात उलगडतो. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘जीपीयू’ उघडा. ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख शून्यावर झोपलेला आणि सीपीयू शंभराला टेकलेला दिसला तर सर्किट वापरलंच जात नाहीये. तिथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताजा करा. सर्किटच नसेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने फाइल १०८०पी एच.२६४मध्ये बदलून घ्या.

गंमत म्हणजे उलटंही घडतं. पडदा हिरवा पडतो, किंवा आवाज येतो पण चित्र काळं राहतं, तेव्हा बऱ्याचदा हार्डवेअर डीकोडिंगच बिनसलेलं असतं. व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट / कोडेक्स’खाली ‘हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड डीकोडिंग’ आहे. ते ‘डिसेबल’ करा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. चित्र आलं तर ड्रायव्हरचं दुखणं, फाइल निर्दोष.

आवाजाचं निदान त्या मानाने सोपं. चित्र आहे आणि फक्त याच फाइलला आवाज नाही, तर आवाजाचा कोडेक पाहा. तो एसी३ किंवा डीटीएस असेल तर प्लेअरकडे त्याचा डीकोडर नसण्याची शक्यता मोठी. सगळ्याच फाइल मुक्या असतील तर घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठं चाललाय ते बघा. एचडीएमआय लावलं की विंडोज कित्येकदा आवाज मॉनिटरकडे पाठवतं, मग मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद मात्र गायब, हा प्रकार फार चकवतो. ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी ५.१ ठेवली असेल आणि टेबलावर दोनच स्पीकर असतील, तर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात. मांडणी ‘स्टिरिओ’ करा.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर अंतर सुरुवातीपासून सारखं आहे की वाढत जातंय, ते आधी पाहा. सारखं असेल तर व्हीएलसीत जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे सरकतो. ब्लूटूथ हेडफोनमुळे पडणारा फरक याच जातीचा. अंतर वाढत जात असेल तर कळा दाबत बसण्यात अर्थ नाही. फ्रेम रेटची गडबड असते. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल नव्याने बनवा.

कोडेक पॅकबद्दल एवढंच, की आजच्या घरगुती वापरात त्याची गरज जवळपास उरलेली नाही. आणि एखादी फाइल स्वतःच ‘मला पाहण्यासाठी हा प्लेअर उतरवा’ म्हणत असेल, तर ती थेट डिलीट करा. विंडोज फाइलचं शेवटचं एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या टिंबापुढचा भाग) मूळ सेटिंगमध्ये लपवतं, त्यामुळे नावात एमपी४ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम, असू शकते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू ठेवलेलं बरं.

उरली खरोखर बिघडलेली फाइल. कॉपी होताना ती अर्धवट राहिली असेल तर मूळ फाइलचा आणि प्रतीचा आकार बाइटपर्यंत जुळवून बघा. एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, याहून मोठी फाइल मावतच नाही, जागा कितीही मोकळी असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आधी आतला डेटा दुसरीकडे काढून. आकार बरोबर असूनही फाइल चालत नसेल तर ती आतून रिकामी, नुसत्या शून्यांनी भरलेली असू शकते. ‘इजेक्ट’ न करता पेन ड्राइव्ह उपसल्याची ही खूण.

मधेच चित्र फाटतं, रंग ओघळतात आणि काही सेकंदांनी आपोआप नीट होतं, ते का? व्हिडिओत पूर्ण चित्र क्वचितच साठवलेलं असतं. अशा पूर्ण चित्राला की फ्रेम म्हणतात, बाकीच्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल लिहिलेला असतो. मधला तुकडा खराब झाला की पुढचे सगळे बदल चुकीच्या चित्रावर चढतात, पुढची की फ्रेम येईपर्यंत. एक्स२६४ या एन्कोडरच्या (व्हिडिओ दाबून भरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मूळ सेटिंगमध्ये दोन की फ्रेममधलं कमाल अंतर २५० फ्रेम आहे, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत १० सेकंद.

सगळ्यात जीवघेणा प्रकार म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपणं. एमपी४मध्ये चित्र-आवाजाचा ढीग ‘एमडॅट’ या भागात जातो. कुठली फ्रेम ढिगात कुठं आहे, केवढी आहे, किती वाजता दाखवायची, ही अनुक्रमणिका ‘मूव्ह’ या भागात असते आणि कॅमेरा ती सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो. वीज गेली तर कित्येक जीबींचा ढीग शाबूत आणि अनुक्रमणिकाच नाही. कुठलाही प्लेअर अशा फाइलपुढे हात टेकतो.

तरी हे चित्र गेलेलं नसतं. अनट्रंक नावाचं मोफत साधन त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगमध्ये काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून घेतं, तिच्यावरून फ्रेमची ठेवण ओळखतं आणि नवी अनुक्रमणिका बांधतं. नमुना दुसऱ्या रिझोल्यूशनचा किंवा फ्रेम रेटचा असेल तर बहुधा काहीच हाती लागत नाही, म्हणून तोच कॅमेरा त्याच सेटिंगवर ठेवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. पण तो दुसऱ्या कार्डवर काढा. बिघडलेल्या फाइलचं कार्ड आधी कॅमेऱ्यातून बाहेर काढायचं, त्यावर काहीही नवं लिहायचं नाही, आणि दुरुस्ती फाइलच्या प्रतीवरच करायची.