उंदीर, माती आणि साखरेची गोळी : दीर्घायुष्याच्या संशोधनाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून मेटफॉर्मिनची पट्टी मिळते. मधुमेहावरची ही जुनी, स्वस्त गोळी. तीच गोळी निरोगी माणसाचं आयुष्य वाढवते का, हा वाद जगभरच्या प्रयोगशाळांत बरीच वर्षं चालू आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तो पारावरही आणून ठेवलाय. या वादामागे संशोधनाच्या दोन वाटा आहेत. एक, पेशी किती वेळा विभागू शकते याची. दुसरी, अन्न आलं की नाही हे पेशीला कसं कळतं याची. गाजावाजा पहिलीचा जास्त झाला. औषधं मात्र दुसऱ्या वाटेने आली.

१९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातला हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. हे पेशीसंवर्धन १९४६ पर्यंत चालवलं गेलं, आणि शरीराबाहेरची पेशी अमर असते असं शास्त्रज्ञही मानू लागले. हा समज मोडला फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत, लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी, १९६१ मध्ये.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. माणसाच्या पेशी बाटलीच्या तळाला चिकटून एका थरात वाढतात. तळ भरला की ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) घालून त्या सोडवायच्या आणि निम्म्या-निम्म्या दोन बाटल्यांत टाकायच्या. त्या दोन्ही भरल्या की पेशी एकदा दुप्पट झाल्या. असं साधारण ४० ते ६० वेळा होतं, मग विभागणी थांबते. पेशी लगेच मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. यावर आक्षेप ठरलेला होता : तुमचं पोषकद्रव्य बिघडलं असेल किंवा विषाणू शिरला असेल. म्हणून त्यांनी पुरुषाच्या बऱ्याच वेळा विभागलेल्या पेशी आणि स्त्रीच्या कोवळ्या पेशी एकाच बाटलीत मिसळल्या. शेजारी नुसत्या पुरुषी पेशींची बाटली ठेवली. शेजारची बाटली थांबली तेव्हा मिश्र बाटलीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर सगळ्या पेशी स्त्रीच्याच होत्या. द्रव्य एक, बाटली एक. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच. पेशी गोठवून ठेवल्या आणि पुन्हा उबवल्या, तरी मोजणी जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालते.

ही मोजदाद कुठे होते याचा अंदाज १९७१ मध्ये अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी बांधला : डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी टोकाचा तुकडा उतरवता येत नाही, त्यामुळे दर विभागणीला टोक थोडं आखूड होतं. १९७८ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांना टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात टोकाशी एकच छोटी अक्षररचना पुन्हापुन्हा आलेली दिसली. माणसात ती टीटीएजीजीजी अशी असते. टोक पुन्हा लांब करणारं टेलोमरेज हे विकर कॅरल ग्रायडर यांना १९८४ च्या डिसेंबरात सापडलं. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

म्हणून टेलोमियरची, म्हणजे डीएनएच्या या टोकाची, लांबी मोजून वय सांगणाऱ्या तपासणीवर पैसे घालावेत का? आमच्या मते नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत वर्षाला होणारी घट काही डझन अक्षरजोड्यांची असते, आणि एकाच वयाच्या दोन माणसांतला फरक काही हजारांचा असू शकतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमियर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी तो दोन-तीन वर्षांत आटोपतो.

दुसरी वाट उपासमारीतून निघाली. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना ऊर्जा कमी, पण जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेपूर असा आहार दिला. वाढ खुंटली, आयुष्य लांबलं. या वाक्यातला ‘पुरेपूर’ हा शब्द हमखास गाळला जातो. मेळघाटातल्या कुपोषित बाईचं ताट हा मॅकेंचा प्रयोग नव्हे. तिथे ऊर्जेबरोबर प्रथिनं आणि लोहही कमी पडतं. एकादशीचा उपासही तो नव्हे. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचं कूट आणि वर केळी, एवढ्यात रोजच्या भाकर-वरणाइतकी ऊर्जा सहज पोटात जाते, प्रथिनांचं प्रमाण मात्र घटतं.

माकडांवर हाच प्रयोग अमेरिकेत दोन ठिकाणी झाला. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये फायदा दाखवला. राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेला २०१२ मध्ये आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. फरक खाण्यात होता. विस्कॉन्सिनच्या आहारात सुमारे २८ टक्के साखर होती आणि तुलनेसाठी ठेवलेली माकडं हवं तेवढं खात होती. दुसरीकडे साखर ४ टक्क्यांच्या आसपास, आणि तुलनेच्या माकडांनाही मोजूनमापून खाणं. म्हणजे विस्कॉन्सिनच्या निकालात अतिखाण्याचं नुकसान टाळल्याचा वाटा मोठा असणार.

यामागचा रेणू कोणता, याचा पहिला ठोस धागा एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स या सूत्रकृमीने दिला. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी दाखवलं की डॅफ-२ या एकाच जनुकात बदल झाला तर दोन-तीन आठवडे जगणारा हा कृमी दुपटीहून जास्त जगतो. हे जनुक माणसातल्या इन्सुलिन-ग्राहीच्या (इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या) कुळातलं निघालं.

दुसरा धागा मातीतला. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. तिथले लोक अनवाणी हिंडतात तरी धनुर्वात दिसत नाही, म्हणून मातीचे नमुने घेतले गेले. त्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सहगल आणि सहकाऱ्यांनी बुरशीनाशक रॅपामायसिन वेगळं केलं. (पहिल्या पावसात वावरातून येणारा वास बराचसा याच कुळातल्या जिवाणूंचा.) पुढे ते मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरात आलं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मायकेल हॉल यांच्या प्रयोगशाळेत यीस्टवर काम करताना हे औषध पेशीतल्या ज्या प्रथिनावर काम करतं ते, म्हणजे टॉर, सापडलं. अमिनो आम्लं भरपूर असली की टॉर चालू राहतं आणि पेशी प्रथिनं बनवत सुटते. ते मंदावलं की पेशी आतला मोडका माल मोडून पुन्हा वापरते.

२००९ चा उंदरांवरचा प्रयोग एका अडचणीमुळे गाजला. रॅपामायसिन खाद्यात मिसळलं की टिकेना. त्याच्या कणांवर आवरण चढवायला वेळ गेला, तोवर उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे म्हातारे झाले. तरी एक किलो खाद्यात १४ मिलिग्रॅम या प्रमाणात औषध सुरू केलं, आणि ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांत १४ टक्के, नरांत ९ टक्के वाढलं. म्हातारपणी सुरू करूनही उपयोग झाला, हे अनपेक्षित होतं. पण तोंड येणं, रक्तातली चरबी व साखर वाढणं आणि प्रतिकारशक्ती दबणं हे याचे ज्ञात दुष्परिणाम. क्षयरोग अजून घरोघरी ऐकू येतो त्या भागात हे औषध हौसेने घेणं म्हणजे आगीशी खेळ.

आता मेटफॉर्मिन. गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतल्या ग्वानिडीन घटकावरून सुचलेलं हे रसायन फ्रान्समध्ये जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी आणलं. २०१३ च्या प्रयोगात खाद्यात ०.१ टक्का मेटफॉर्मिनने नर उंदरांचं आयुष्य सुमारे ६ टक्के वाढलं, १ टक्क्याने घटलं. २०१४ मध्ये ब्रिटिश नोंदींतून असं दिसलं की मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्या लोकांपेक्षाही किंचित जास्त जगले. वादाला ऊत आला तो इथे. नंतर डेन्मार्कच्या नोंदींत तो फायदा टिकला नाही.

मधुमेह आहे त्याने ही गोळी जरूर घ्यावी, जेवणासोबत, डॉक्टरांनी सांगितली तेवढी. मात्र हगवण-उलट्या लागल्या किंवा मे महिन्याच्या उन्हात पऱ्हाट्या उपटताना अंगातलं पाणी आटून लघवी कमी झाली, तर गोळी तात्पुरती थांबवून डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल चढू शकतं. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा तपासणीतला आकडा) ३० च्या खाली असेल तर ती बंदच करतात. वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि दूध-दही बेताचं असलेल्या शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या की सगळं साखरेच्या माथी मारलं जातं; बी-१२ च्या कमतरतेची लक्षणंही तशीच असतात, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं.