शेड्युलर वेबच्या प्रोसेसमध्ये सुरू करू नका
(आमच्या सॉफ्टवेअरला स्वतःची रोजची कामं जोडणाऱ्या ग्राहकांसाठी)

कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारा एसएमएस एकाच सभासदाला चार वेळा गेला, असा फोन निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीतून येतच असतो. वर ठरलेलं वाक्य : "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे." तपासायला बसलं की बहुतेक वेळा निघतं ते असं, की डेव्हलपरने एपीशेड्युलर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी पायथन लायब्ररी) थेट जँगो (पायथनमधला वेब फ्रेमवर्क) ॲपच्या 'रेडी' फंक्शनमध्ये, म्हणजे ॲप लोड होताच चालणाऱ्या कोडमध्ये, सुरू केलाय.

सर्व्हरवर गुनिकॉर्नचे (जँगो ॲप चालवणाऱ्या वेब सर्व्हरचे) चार वर्कर असतील तर त्या चार स्वतंत्र प्रोसेस. प्रत्येकीत ॲप लोड होतं, 'रेडी' चालतं आणि शेड्युलर सुरू होतो. सकाळी नऊ वाजले की चौघेही इमानेइतबारे मेसेज पाठवतात. 'मॅक्स इन्स्टन्सेस' (एक काम एका वेळी किती प्रतींत चालू शकतं ती मर्यादा) एक ठेवलंय, हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं. पण ती मर्यादा एका शेड्युलरपुरती. शेजारच्या प्रोसेसमधल्या शेड्युलरचा त्याला पत्ताच नसतो. चौघांना एकच जॉबस्टोअर (ठरलेल्या कामांची, म्हणजे जॉबची, यादी ठेवायची जागा) देऊनही भागत नाही. एपीशेड्युलरच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने जॉब दोनदा चालतो, नाहीतर गळतो.

मराठी आणि कन्नड मेसेज युनिकोडमध्ये जातो, म्हणजे १६० ऐवजी ७० अक्षरांत एक एसएमएस संपतो. दोन्ही भाषांतला मजकूर सहज तीन एसएमएसचा होतो. त्याची चौपट केली की एका सभासदामागे बारा. आणि हे झालं मेसेजचं. त्याच जागी महिनाअखेरचं व्याज जमा करण्याचा जॉब असेल, तर ऑडिटरसमोर तुम्हीच बसायचं आहे.

लॅपटॉपवर 'रनसर्व्हर' (जँगोचा डेव्हलपमेंटसाठीचा सर्व्हर) दोन प्रोसेस उघडतो, म्हणून काही जण त्यांपैकी एकीतच सेट होणारं 'रन_मेन' हे व्हेरिएबल तपासणारी अट घालतात. तिथे दुहेरी जॉब थांबतो आणि सगळे खूश. गुनिकॉर्न मात्र ते व्हेरिएबल सेट करतच नाही. मग सर्व्हरवर जॉब एकदाही चालत नाही, आणि ते आठवड्याने कळतं.

आमची पद्धत साधी आहे. शेड्युलर वेगळ्या मॅनेजमेंट कमांडमध्ये (वेबपासून स्वतंत्र चालणारी जँगोची कमांड), तिची एकच सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) सर्व्हिस, पडली तर आपोआप उठणारी. वेबचे वर्कर दोन असोत की आठ, शेड्युलर एकच. "एवढ्याशा कामाला वेगळी सर्व्हिस कशाला, उगाच बिल वाढवता," असं काही जण म्हणतात. पण वर्कर रीस्टार्ट झाला की त्याच्या पोटातला जॉब अर्ध्यावर तुटतो आणि निम्म्या खात्यांवर व्याज चढलेलं असतं. ते निस्तरायला लागणाऱ्या वेळाचं बिल मोठं. रोज एकच काम असेल तर साधा क्रॉनही (लिनक्समधलं ठरलेल्या वेळी कमांड चालवणारं साधन) चालेल. तसं आम्ही स्वतःच सांगतो.

शिवाय जॉबचं नाव आणि तारीख यांवर युनिक बंधन असलेलं एक टेबल ठेवा, आणि ती नोंद व व्याजाच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. 'आत्ता चालवा' बटण कुणी घाईत दोनदा दाबलं तरी दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो.

टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट लिहा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला की रात्री १२.०५ चा जॉब आपल्याकडे पहाटे ५.३५ ला चालतो. सर्व्हर ऑफिसातच ठेवून रात्री लाईट जात असेल तर आणखी एक : 'मिसफायर ग्रेस टाइम' (जॉबला किती उशीर चालेल ती मुदत) मुळात फक्त एक सेकंद असतो. त्याहून उशीर झाला की जॉब सोडून दिला जातो. जॉबस्टोअर डेटाबेसमध्ये ठेवून ही मुदत काही तासांची करा आणि 'कोअलेस' चालू ठेवा, म्हणजे साचलेले जॉब एकदाच चालतील.

वार्षिक देखभाल करार असलेल्यांना ही मांडणी आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. करार नसेल तर टिळकवाडीच्या ऑफिसात डेव्हलपरला घेऊन या, कोड बघून खर्च आधी सांगू. येताना गुनिकॉर्नच्या सर्व्हिसची फाइल, 'रेडी' असलेली फाइल आणि ज्या दिवशी घोळ झाला त्या दिवसाचा लॉग आणा. नुसता चार मेसेजचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यातून आम्हाला काही कळत नाही.