दारुल उलूम, देवबंद : ब्रिटिश अमदानीतील वाटचाल

उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्याच्या देवबंद या कसब्यातील इस्लामी धर्मशिक्षणाची संस्था. स्थापना मे १८६६. कसब्यातील छत्ता मशिदीच्या आवारात डाळिंबाच्या झाडाखाली पहिला पाठ झाला. शिक्षक मुल्ला महमूद, तर पहिले विद्यार्थी महमूद हसन. हाच विद्यार्थी पुढे संस्थेचा मुख्याध्यापक झाला आणि इंग्रजांचा कैदीही.

१८५७ च्या उठावानंतर दिल्लीतील जुनी विद्यापीठे मोडली आणि त्यांना पोसणारे अमीर-उमराव देशोधडीला लागले. मुहम्मद कासिम नानौतवी, रशीद अहमद गंगोही, हाजी आबिद हुसैन आदी मंडळींनी अशा वेळी राजधानी सोडून कसब्यात मदरसा काढला. गंगोहींना उठावाच्या संशयावरून तुरुंगवास घडला होता. उठावातील शामलीच्या (आजच्या पश्चिम उत्तर प्रदेशातील) लढाईत या मंडळींचा नेमका वाटा किती, याबद्दल मात्र इतिहासकारांत एकमत नाही.

नानौतवींनी संस्थेसाठी आठ नियम घालून दिले. खर्च सामान्य लोकांच्या वर्गणीतून भागवावा. सरकार आणि धनिक यांचा शिरकाव घातक मानावा. उत्पन्नाची कायमची सोय नसेल तोवरच संस्था नीट चालेल, असा त्यांचा आशय आहे. वर्गणी रोख असो वा वस्तुरूप, तिची नोंद छापील वार्षिक अहवालात होई. सरकार आणि धनिक यांच्यापासून दूर राहण्याची शिस्त पुढे सैल झाली. हैदराबादच्या निजामाचे अनुदान संस्थेने स्वीकारले.

सरकारी पैसा नको म्हणणाऱ्या या मदरशाने व्यवस्था मात्र नव्या राजवटीकडूनच उचलली, आणि देवबंदचे वेगळेपण मुख्यतः येथे आहे. पूर्वीचा मदरसा बहुधा एखाद्या विद्वानाच्या घरी किंवा मशिदीत भरे आणि त्याच्या पश्चात बंद पडे. येथे ठरलेले वर्ग, पगारी शिक्षक, हजेरी, ग्रंथालय आणि वार्षिक परीक्षा आल्या. संस्थापकांपैकी काहींनी दिल्ली कॉलेजातले अध्यापक ममलूक अली यांच्याकडे शिक्षण घेतले होते. जुल्फिकार अली आणि फजलुर रहमान तर सरकारी शिक्षणखात्यात अधिकारी होते. टपाल, रेल्वे आणि शिळाप्रेस यांमुळे वर्गणी, विद्यार्थी आणि फतवे दूरवर ये-जा करू लागले. अभ्यासक्रम जुना दर्स-ए-निजामीच होता, पण भर हदीसवर (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरेवर), आणि शिकवण्याची भाषा उर्दू.

राजकारणाबाबत संस्था कधीच एकमुखी नव्हती. व्यवस्थापक हाफिज मुहम्मद अहमद हे नानौतवींचे पुत्र. त्यांना सरकारने ‘शम्स-उल-उलमा’ (विद्वानांचा सूर्य) हा किताब दिला. त्याच काळात मुख्याध्यापक महमूद हसन आणि त्यांचे शिष्य उबैदुल्ला सिंधी काबूल व तुर्कस्तानच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध उठावाचा बेत आखत होते. रेशमी कापडावर लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये सरकारच्या हाती लागली आणि बेत फसला. हेजाजमध्ये (अरबस्तानातील मक्का-मदिनेच्या प्रदेशात) पकडले गेलेले महमूद हसन १९२० पर्यंत माल्टात कैदेत होते. सुटकेनंतर ते मुंबई बंदरात उतरले; खिलाफत चळवळीने त्यांना ‘शेख-उल-हिंद’ (हिंदुस्थानचे शेख) म्हणून गौरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलीगढला जामिया मिल्लिया या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला आणि नोव्हेंबरअखेर त्यांचे निधन झाले.

पुढचे मोठे भांडण राजकारणाचे नव्हे, कारभाराचे. त्यातून १९२० च्या दशकाअखेरीस हदीसचे नामवंत अध्यापक अन्वर शाह काश्मिरी काही सहकाऱ्यांसह देवबंद सोडून तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील डाभेल (सुरतेजवळ) येथे गेले. मुख्याध्यापकपद हुसैन अहमद मदनी यांच्याकडे आले. माल्टात गुरू महमूद हसन यांच्यासोबत कैद भोगलेले मदनी काँग्रेसचे सहप्रवासी होते. राष्ट्र भूमीने ठरते, धर्माने नव्हे, या त्यांच्या प्रतिपादनावरून १९३८ मध्ये कवी इक्बाल यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. उलट अशरफ अली थानवी मुस्लिम लीगकडे झुकले, आणि शब्बीर अहमद उस्मानी यांनी पाकिस्तानच्या मागणीला उघड पाठिंबा दिला. फाळणीनंतर उस्मानी कराचीत पाकिस्तानच्या संविधानसभेत बसले; मदनी देवबंदलाच शिकवत राहिले.