शेवटच्या भागात मेंदू वजा का होतो?

"मामा, फसवलं की ओ! सगळी आधीच मेलेली हुती म्हणं!" भाच्यानं मिसळीच्या टेबलावर फोन आपटला. 'लॉस्ट' ही विमान कोसळून बेटावर अडकलेल्या लोकांची अमेरिकन मालिका त्यानं रात्री जागून संपवली होती. २००४ ला सुरू झालेली, सहा सीझनची. शेवटचा भाग २३ मे २०१० चा. तेव्हा तिकडे जी ओरड झाली, तीच मी आता कोल्हापुरात, राजारामपुरीत ऐकत होतो.

आधी त्याचा गैरसमज काढू. बेटावरचं सगळं खरंच घडलेलं असतं. मेल्यानंतरचं आहे ते फक्त शेवटच्या सीझनमधलं समांतर कथानक, आणि नायकाचा बाप तसं सांगतोही. पण अखेरच्या नामावलीमागे वाहिनीनं विमानाच्या अवशेषांची सुनसान दृश्यं टाकली आणि लोकांनी भलताच अर्थ काढला.

तरी ज्यांना कळलं तेही चिडलेच. का? इथं डोपामिन हे मेंदूतलं रसायन येतं. रीलवाले त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात आणि त्याचा 'डिटॉक्स' विकतात. तसलं काही नसतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी तपासल्या. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की पेशी धडाधड संदेश सोडत. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या. रसाला काही नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रसाची वेळ झाली की नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प! म्हणजे पेशी मोजतात ती अंदाजातली चूक. १९९७ मध्ये डायन आणि माँटेग्यू या संशोधकांबरोबर शुल्ट्झ यांनी त्याचं गणित 'सायन्स'मध्ये मांडलं:

चूक = आत्ता मिळालेलं + पुढची आशा − आधीची आशा

(पुढच्या आशेला एक गुणकही असतो, एकाहून जरा कमी, उद्याचा रस आजच्याइतका गोड नसतो म्हणून. तो सोडून देऊ.)

आता माकडावरून मालिकेवर उडी मारतोय, ती माझ्या जबाबदारीवर. समजा आशा ५० आहे. जंगलात जमिनीत पुरलेलं लोखंडी दार सापडतं. उत्तर शून्य, पण पुढची आशा ७०. चूक अधिक २०. भाचा खूश. उष्ण बेटावर पांढरं अस्वल? पुन्हा तेच. रहस्यमालिका वर्षानुवर्षं सूत्रातल्या मधल्या पदावर, म्हणजे 'पुढच्या आशे'वर जगते. शेवटच्या भागात मात्र ते पद शून्य होतं, कारण पुढचा भागच नाही. आशा ९० वर चढलेली, आणि लेखकानं ६० गुणांचं, फर्स्ट क्लास उत्तर दिलं तरी ६० + ० − ९०. वजा ३०!

खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्याला हे सूत्र लागत नाही. पोस्टरवर 'निकाली कुस्ती', अर्धा तास खडाखडी, प्रत्येक पकडीला मैदान उठून उभं, आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. मग शिट्ट्या ऐका. कुस्ती वाईट झालेली नसते.

जाता जाता. या मालिकेत शापित मानलेले ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे लोक खरोखर लॉटरीला लावतात. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका सोडतीत त्यातले चार लागलेही. लावणारे हजारो होते, म्हणून 'शापित आकड्यांचा' गवगवा झाला. न जुळलेल्या सोडतींचा हिशेब कोण ठेवतो? आपल्याकडे मटक्याचा ओपन सांगणारा बाबा याच विसरभोळेपणावर पोट भरतो.

एक गंमत राहिली. डोपामिन पेशी एरवी सेकंदाला चार-पाचच संदेश सोडतात. त्यामुळे सुखद धक्क्याला वर भरपूर जागा, पण खाली जायला शून्यापर्यंतच. मग मोठी निराशा आणि किरकोळ निराशा वेगळी कशी कळते? पेशी किती वेळ गप्प राहिली, त्या लांबीवरून.

भाच्याच्या ताटलीत ब्रेडचे स्लाइस तसेच होते. पोरगा कट घेऊन दोनदा येऊन गेला, यानं वर पाहिलं नाही.